बॅटरीत ओतलेलं नर्मदेचं पाणी

मी मोटार-मेकॅनिक. कोणी म्हणालं की आमच्या घरात आपोआप दिवा लागतो, तर मी आधी त्याची वायरिंग तपासणार आणि मग त्याची अक्कल. भूतखेत, अंगारे-धुपारे, साक्षात्कार... या सगळ्याला मी जन्मभर हसत आलो. आजही हसतो. एक गोष्ट सोडून — ती सांगतो, तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा.

संस्थानं विलीन झाली त्याच्या थोडं नंतरची गोष्ट. आम्ही धारचे. दरबारच्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या, त्यातली एक खटारा मोटार घेऊन मी भाड्यानं चालवत होतो. माझा थोरला भाऊ, दादा, धामनोदला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होता आणि आई त्याच्याजवळ राहायची. ऐन मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो, तर दादा पोट धरून गडाबडा लोळत होता. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आहे, फुटायच्या आत इंदूर गाठा.

दादाला मागच्या सीटवर आईच्या मांडीवर निजवलं. निघताना आईनं देवघरातली एक काचेची बाटली पदराखाली घेतली. खलघाटाहून भरून आणलेलं नर्मदेचं पाणी. ते कशासाठी, हे मला न सांगताच कळलं, आणि माझं डोकं फिरलं. म्हणालो, "आई, आपण दवाखान्यात चाललोय, स्मशानात नाही!"

मानपूरच्या घाटात रेडिएटर उकळला. गाडी थांबवली, गाडीला टांगलेल्या छागळीतलं होतं नव्हतं ते पाणी त्यात ओतलं. पुन्हा स्टार्ट करायला गेलो तर नुसतं टक्... हँडल मारून मारून हाताला फोड आले, पण ठिणगीच पडेना. बॅटरीची तिन्ही बुचं उघडून आत पाहिलं. शिशाच्या पट्ट्या पाण्यात बुडालेल्या हव्यात, त्या उघड्या पडल्या होत्या. आदल्याच दिवशी पाणी भरलं होतं हो मी! चार्जिंग आवरणारा कटआउट चिकटला असणार, आणि डायनामोनं चार्ज करकरून सगळं पाणी उडवलं.

एक बैलगाडीवाला आला. "पाणी? पाणी तो भिया, नीचे गुजरी गाँव में मिलेगा," म्हणून उताराला लागला. रेडिएटरचं गंजकं पाणी बॅटरीला विष, तिची उरलीसुरली जानही गेली असती. ट्रकचा पत्ता नव्हता. दादाचं कण्हणं थांबलं होतं आणि पोट लाकडासारखं टणक झालं होतं. कण्हत होता तेच बरं होतं, असं वाटायला लागलं.

"आई, ती बाटली दे."

"कशाला?"

"बॅटरीत घालायला."

तिनं बाटली छातीशी धरली. "अरे वसंता, वाटेत याचं काही बरंवाईट झालं तर तोंडात काय घालू रे याच्या?"

"गाडी चालली तर काही बरंवाईट होणारच नाही!" मी ओरडलो. आईवर कधी आवाज चढवला नव्हता. मग हात जोडले, रडलो, पाया पडलो.

आईनं दादाच्या केसांतून हात फिरवला आणि बाटली पुढे केली. "घे. आता याला द्यायला माझ्याजवळ काही उरलं नाही. तू पोचव."

मी तिन्ही खान्यांत शेवटच्या थेंबापर्यंत पाणी घातलं, पट्ट्या बुडालेल्या डोळ्यांनी पाहिल्या. हँडल मारलं, इंजिन लागलं. एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

महूजवळ रेल्वे फाटकापाशी इंजिन बंद पडलं, तेही हँडलच्या एका फेऱ्यात पुन्हा लागलं. राऊ मागे पडलं. मी आणखी पिटाळत होतो, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला —

"हळू चालव आता. घाई नाही."

तिथून दवाखान्यापर्यंत ती एकच वाक्य बोलत होती, "कोरड्या तोंडानं गेला रे माझा..." मला वाटत होतं, गाडी कुठेतरी आदळावी.

दवाखान्याच्या दारात आम्ही त्याला उतरवलं. मान कलली आणि त्याच्या तोंडातून पाणी आलं. स्वच्छ पाणी, माझ्या मनगटावर ओघळलं. मे महिन्याच्या दुपारी, तापलेल्या गाडीतून... आणि थंडगार! वॉर्डबॉय आमच्यावर खेकसला, "पाणी किसने पिलाया? पेट के मरीज को पाणी देते हैं क्या?"

आईनं बोट त्याच्या ओठांना लावलं, आपल्या जिभेला लावलं. तिचं रडणं तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी गाडी हलेना, म्हणून इंदूरच्या एका मिस्त्रीला आणलं. त्यानं बुचं काढली आणि माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "भिया, ये गाडी चल के आई है?" मी वाकून पाहिलं. तिन्ही खाने कोरडे ठणठणीत. पाणी नाही, तेजाब-ॲसिड नाही, पट्ट्यांवर पांढरी बुरशी. बॅटरीचा खोका कुठे फुटलेला नाही, खालचा पत्रा ओला नाही.

चालू गाडी डायनामोवर ओढत येते, हे मला शिकवू नका. मग फाटकापाशी ती कशावर लागली? आणि दादाच्या तोंडात पाणी कुठून आलं? गाडीत थेंब नव्हता. घाम म्हणावा, तर घाम गालात साठत नाही. मी पुष्कळ डोकं फोडलं. आई कधी या विषयावर बोलली नाही. फक्त मी गाडी काढली, की ती नर्मदेच्या पाण्याची बाटली हातात द्यायची. "गाडीला घाल." मी निमूट न्यायचो.

पुढे देवासला बिऱ्हाड केलं. तिथेच आई गेली. शेवटच्या घटकेला मी बाटली तिच्या ओठांशी नेली, तर तिनं तोंड मिटून घेतलं.

"आधी गाडीला घाल," ती म्हणाली.

गाडी मी केव्हाच विकली होती. तरी बाटली घेऊन अंगणात गेलो, जरा वेळ उभा राहिलो, परत आलो. "घातलं गं आई," म्हटलं. मग तिनं तोंड उघडलं.