दौलत नाना एकटे नव्हते

“नानांना एकटेपणाने नेले. नात परदेशी शिकायला गेली, ओटा ओस पडला, आणि एवढा हसतमुख माणूस एका हिवाळ्यात खंगून गेला.” दौलत नानांच्या गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक संपण्याच्या, दिवशी त्यांचे पुतणे सुरेशराव मांडवात उभे राहून असे बोलले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले आणि ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सभासदांनी माना हलवल्या. जिच्यावर हा ठपका होता ती नात, ऋतुजा, काही दिवसांपूर्वीच परदेशातून परतलेली, मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत बसली होती. सुरेशराव धुळ्याला असतात आणि जळगावला कार्यापुरते येतात. नानांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी कोण बसत असे हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. मी बसत असे. तेव्हा साक्ष कोणाची ग्राह्य धरायची हे वाचकांनीच ठरवावे.

नाना मूळचे नरडाण्याकडचे. जळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवण्यात त्यांची हयात गेली, पण जिभेवरची अहिराणी त्यांनी कधी उतरू दिली नाही. वर्गात प्रमाण मराठी, आणि उंबरठा ओलांडला की “काय भाऊ, बठ्ठं ठीक शे ना?” मी वकिली केली. आमची पहिली भेट भांडणाची. माझ्या नव्या घराची कुंपणभिंत त्यांच्या कडुनिंबाच्या बुंध्याला भिडत होती. हद्द माझी होती आणि तसे मी त्यांना कलमांसह समजावून दिले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “वकील, तुन्हा कायदा बरोबर शे. पन झाड तुन्हा आगुदर आठे उभं शे.” झाड माझ्या आधीचे, हे खरेच होते; भिंत मी हातभर आत घेतली. त्यानंतर त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. ‘वकील’ म्हणण्यात आदर किती आणि टोमणा किती, याचा निकाल मला अखेरपर्यंत लावता आला नाही.

वहिनी गेल्या, मुलगा पुण्याला नोकरीत स्थिरावला, आणि त्याची मुलगी अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी नानांकडे राहायला आली. तरीही दिवेलागणीनंतरची वेळ माझीच होती. मी अग्रलेख मोठ्याने वाचायचा, त्यांनी तो खोडून काढायचा, मग बुद्धिबळाचा पट मांडायचा. हरत आले की ते घोडा हातात धरून म्हणत, “थांब, याले जरा इचार करू दे.” एवढ्या वर्षांत अशी एकही संध्याकाळ मला आठवत नाही, जेव्हा मी गेलो आणि त्यांनी बाजूची खुर्ची माझ्याकडे सरकवली नाही.

मग ऋतुजाची एका सत्रासाठी जर्मनीतल्या एका छोट्या गावातल्या विद्यापीठात निवड झाली. सुरेशरावांच्या बाजूने जे खरे आहे ते मी मान्य करतो. पहिला आठवडा नानांना जड गेला. ताटातली भाकरी तशीच राहायची. मी मनातल्या मनात म्हटले, बरे झाले, आता हा माणूस पूर्ण माझ्या वाट्याला आला. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. इतक्या वर्षांच्या सोबतीवर माणसाचा काही हक्क असतो.

तो हक्क एका मोबाइलने हिरावून घेतला. आपल्याकडे दिवे लागत तेव्हा तिकडे दुपार असे आणि तिची तासिका संपलेली असे. नाना त्या वेळेआधी इस्त्रीचा सदरा घालून, खिशाला पेन लावून, शाळेत निघाल्यासारखे ओट्यावर येऊन बसू लागले. फोन वाजला की मी वाचत असलेला अग्रलेख अर्ध्या वाक्यात थांबवला जाई. पटावरच्या सोंगट्यांवर धूळ बसली.

‘खंगले’ म्हणणाऱ्यांनी पुढचे नीट वाचावे. ती वसतिगृहाकडे चालत निघाली की फोन कानाला लावून नानाही उठत आणि ती पोहोचेपर्यंत कॉलनीच्या गल्ल्यांतून चालत राहत. “ती तठे चालस, मी आठे चालस,” एवढेच मला सांगत. ज्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे चालायला सांगून हात टेकले होते, त्यांनीच त्यांचे उतरलेले पोट पाहून शाबासकी दिली. मंडळाच्या सभांना ते यायचे बंद झाले ते उदास होते म्हणून नव्हे. सभा संध्याकाळी भरते, आणि संध्याकाळी त्यांना सवड नव्हती.

थंडीत तिला भरीत खावेसे वाटले. तिथले वांगे काळे, इवलेसे; ना भाजायला कापसाच्या काड्या, ना जाळ. ओव्हनमध्ये तिने ते भाजले आणि नानांनी इकडून एकेक पायरी सांगत ते तिच्याकडून रगडून घेतले. शेवटी पडद्यावर त्याचा रंग पाहून म्हणाले, “बेटा, हिरवं वांगं नही, ते काय भरीत शे? पन खाई ले, उपाशी नको राहू.” ती इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला. मी शेजारीच होतो. भरीत माझेही आवडते आहे. पण त्या हिवाळ्यात नानांनी मला भरीत खाऊ घातले नाही, आणि ही गोष्ट त्यांच्या ध्यानातही आली नाही.

सत्राच्या शेवटी तिला मातीतल्या ओलाव्यावर सर्वांपुढे इंग्रजीत भाषण करायचे होते. त्याची तालीम फोनवरून, ओट्यावर सुरू झाली. नाना तिला उभे राहून बोलायला लावत, घाई केली की बोट वर करत. मी जन्मभर न्यायालयात उभा राहून बोललो. कुठे थांबावे आणि कुठे आवाज उतरवावा हे या गावात माझ्याहून अधिक जाणणारा कोणी असेल तर त्याने पुढे यावे. मी एकदा सुचवायला तोंड उघडले. नानांनी माझ्याकडे न पाहताच हात वर केला आणि म्हणाले, “वकील, तू फक्त आयक.” मी ऐकले. त्या रात्री मी घरी जेवलो नाही आणि सौभाग्यवतींनी कारण विचारले तेव्हा पित्त सांगितले. भाषणाचा दिवस जवळ आला तसे ते बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले, “परीक्षा तिन्ही शे, झोप मन्ही गयी.” परीक्षा तिची, झोप यांची. आनंदाने न झोपणारा माणूस आणि दुःखाने न झोपणारा माणूस यांतला भेद ज्यांना कळत नाही, त्यांनी मांडवात भाषणे करू नयेत.

भाषण चांगले झाले. सत्र संपले. दोन दिवसांनी पहाटे नाना झोपेतच गेले; सकाळी कामाच्या बाईंनी हाक मारली तेव्हा ते उठले नाहीत. ऋतुजाचे परतीचे तिकीट चार दिवसांनंतरचे होते, आणि ती येईपर्यंत अग्नी थांबवता आला नाही.

गंधमुक्तीनंतर ती माझ्याकडे आली. पुढच्या संपूर्ण पदवीसाठी तिला तिथेच जागा देऊ केली आहे, आणि ती नाकारण्याचे तिने ठरवले आहे, असे तिने सांगितले. मी कारण विचारले.

“आबा, काका बोलले ते खोटं नाहीये,” ती म्हणाली. “मी इथे असते तर नाना असते. शेवटच्या संध्याकाळीसुद्धा ते तिथे एकटेच बसले असतील, आणि मी तिकडे बर्फात फिरत होते.”

मी तिला विचारले, फिरत असताना फोन कोणाशी चालू होता. ती म्हणाली, नानांशीच. सत्र संपले म्हणून गावाचा निरोप घ्यायला ती निघाली होती, आणि नाना म्हणाले होते की मलाही ने. तिने त्यांना गोठलेले तळे दाखवले, जिथून रोज पाव घेई ते दुकान दाखवले, आणि दुकानातल्या बाईंनी पडद्यावरच्या नानांना हात जोडून नमस्कार केला. तरी ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली. फोन म्हणजे माणूस नव्हे, आबा. शेजारी कोणी नव्हतेच ना.

या प्रश्नावर साक्ष देऊ शकेल असा मी एकटाच आहे, आणि ती मी मांडवात दिली नाही, कारण ती माझ्या मानाला धरून नव्हती. ऋतुजाला ती मी त्या दिवशी दिली. सुरेशराव व मंडळाच्या सभासदांसाठी इथे लेखी देतो. त्या शेवटच्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे नानांच्या ओट्याची पायरी चढलो होतो. ते दारात आले. अंगात कोट होता, गळ्याला मफलर होता, हातात फोन होता. सोबतीला आसुसलेला माणूस दाराशी आलेल्या मित्राचे काय करतो हे सर्वांना ठाऊक आहे. नानांनी दार अर्धेच उघडले आणि म्हणाले, “वकील, आज तू घर जाय. माले टाईम नही शे.”