आमच्या पत्रकातला ‘सेफ्टी’ हा शब्द

तो शब्द पत्रकात मी घातला. आमच्या चळवळीच्या गटातल्या दुसऱ्या कुणी नाही, मीच. आम्ही पाच जण. एक पान, एक मागणी, शेवटी उद्गारचिन्ह, एवढंच लिखाण आम्हाला येतं. त्या वेळची मागणी अशी होती की, एकाच पत्तीनं दहा जणांच्या दाढ्या करणं बंद व्हावं. आमच्याकडे ब्लेडला पत्ती म्हणतात. रक्तातून पसरणारी कावीळ अशा पत्तीवरून एकाची दुसऱ्याला होऊ शकते, आणि त्यावर गावात कुणी चकार शब्द काढत नाही, याचा मला संताप होता. त्याच तिरमिरीत मथळा लिहिला: ‘सेफ्टी नसेल तिथे दाढी करू नका!’ पत्रक कारंज्याला छापून आणलं आणि आमच्या धनज गावात घरोघर वाटलं.

माझ्या डोक्यात सेफ्टी म्हणजे नवी पत्ती. बस. पत्तीच्या पाकिटावर तो शब्द छापलेला असतोच की!

आठवड्याभरानं एसटी थांब्याजवळच्या कटिंगच्या दुकानातले काका रस्त्यात दिसले. माझी पहिली दाढी त्यांच्या हातची. त्यांनी मान फिरवली. मला ते सहन होईना. त्यांच्या मागोमाग दुकानात शिरलो. रविवारची सकाळ, आणि खुर्ची रिकामी! समोरच्या दुसऱ्या कटिंगच्या दुकानात मात्र पायरीवरही माणसं बसलेली.

“काका, काय झालं?”

“तुह्यं पत्रक झालं.” त्यांनी टॉवेल झटकला. “लोकं येतात, कागद दाखवतात, इचारतात, तुमच्या वस्तऱ्याले सेफ्टी हाय काय? मी म्हनतो, नाही.”

“नाही काहून? तुमी तर दर माणसाले नवी पत्ती लावता!”

“लावतो ना. पन ते सेफ्टी नाही नं बाप्पा.”

मी आवाज चढवला. पाकिटावर लिहिलंय म्हणालो. काकांनी खणातून घरी वापरतात तसलं दाढीचं मशीन काढलं, त्यात पत्ती बसवली आणि म्हणाले, “हात दे.”

मशीन माझ्या मनगटावर टेकवलं. “पहिले काय लागलं?”

“दांडी.”

“पत्तीच्या खालची दांडी. ते कातडी दाबून धरते. वरून झाकन. मंधातून पत्ती निघते ते केसभर. आंधळ्यानं फिरवलं तरी खोल जात नाही. याले म्हनते सेफ्टी.” मग त्यांनी दुसरी पत्ती कागदासकट मधोमध मोडली, अर्धी वस्तऱ्यात सरकवली आणि माझ्या मनगटापासून बोटभर अंतरावर धरली. मी हात मागे घेतला. “भेलास नं? इथं कातडीच्या अन् पत्तीच्या मंधात काय हाय?”

“काही नाही.”

“माहा हात हाय. तो चुकला का कापलंच. मशीनीत जुनी पत्ती घाल, ते सेफ्टीच राह्यते. वस्तऱ्यात कोरी घाल, तो वस्तराच राह्यते. कापनं येगळं, बिमारी येगळी. तू दोन्हीची खिचडी करून राह्यला.”

मला बसवेना. आरशासमोरून दारापर्यंत दोन फेऱ्या झाल्या.

“आन् समोरचा काय सांगते?”

“तो पाकीट दाखवते. हे पाह्य म्हनते, लिहिलंच हाय. अन् एका पत्तीत सकाळ काढते.”

म्हणजे ज्याच्याविरुद्ध पत्रक काढलं, त्याचंच दुकान मी भरवलं होतं. आणि जो आमची मागणी कुणी न सांगता पाळत होता, त्याचं बसवलं होतं.

“मंग तुमीही हो म्हनाचं होतं!”

काकांनी वस्तरा मिटून ठेवला. “लोकाईच्या गळ्यावर वस्तरा ठेवतो मी. तिथं खोटं बोलू?”

समोरच्यावर दणदणीत पत्रक काढतो, असं मी म्हटलं. ते म्हणाले, “त्याचं राहू दे. पहिले आपलं नीट कर. दिवाळीपर्यंत असंच राह्यलं तर मी खुर्ची इकून पोराकडे पुन्याले चाललो.”

गटात सांगितलं तर चर्चा सुरू! चूक कबूल केली की चळवळ कमकुवत होते म्हणे. एका माणसाची खुर्ची विकायला काढली तेव्हा बरी ताकद होती तिच्यात! मी कुणाला न विचारता लिहिलं: ‘मागच्या पत्रकात चूक होती. चूक माझी आहे. सेफ्टी आहे का, असं विचारू नका. पाकिटातून नवी पत्ती तुमच्या डोळ्यांसमोर लावली का, हे बघा.’ उद्गारचिन्ह टाकलं नाही. हाताला ते फार जड गेलं.

पुढच्या रविवारी ते नवं पत्रक काकांच्या दारातच उभा राहून वाटलं.

“काहून रे, मांगच्या बारीले खोटं लिहिलं होतं काय?” एकानं विचारलं.

“चुकीचं लिहिलं होतं.”

“मंग हे बरोबर कायवरून?”

“माह्यावर नका इसवास ठेवू. स्वतः पाहा.”

“पाह्यतो, पाह्यतो. तूच करून घे पहिले, तुही दाढी वाढली हाय!” सगळे हसले, आणि कागदाची घडी घालून पुढे गेले. दोघंतिघं दुकानाशी रेंगाळले, माझ्याकडे बघितलं, निघून गेले. मी आणखी जोरात बोलू लागलो.

काका बाहेर आले. “बापू, तू दारात उभा राह्यला का लोकाईले वाटते, माह्या दुकानाची तपासनी चालू हाय. त्यात तुहा हा आवाज. जाय तू.”

“पन लोकांना समजावून…”

“कागदात हाय नं सगळं? जाय.”

हातात अजून बरेच कागद होते. ते काकांच्या बाकावर ठेवले आणि तिथून हलायचं म्हणून थांब्यावरच्या कारंज्याच्या एसटीत जाऊन बसलो. गाडी सुटेना. खिडकीतून दुकान दिसत होतं. समोरच्या पायरीवरून एक म्हातारा उठला, रस्ता ओलांडून आला, बाकावरचा कागद डोळ्यांजवळ धरून वाचू लागला. काका दारात आले नाहीत, त्याला हाक मारली नाही. उतरून त्याला आत नेऊन बसवावं, असं मला फार वाटलं. दोनदा उठलो. कंडक्टर म्हणाला, “भाऊ, यायचं हाय का उतराचं हाय?”

“यायचं हाय,” मी म्हणालो, आणि बसलो.