भाऊबीजेच्या ताटातला ट्रायलोबाइट

जालना जिल्ह्यात ट्रायलोबाइट सापडत नाही. परतूरला नाही, वाटूरला नाही, तिकडे धावड्याला नाही, कुठेच नाही. आपल्या पायाखालचा काळा दगड हा थिजलेला लाव्हा आहे आणि ट्रायलोबाइट हा समुद्राच्या तळाशी चिखलात रांगणारा किडा. हा किडा पृथ्वीवरून कायमचा नाहीसा झाला, त्यानंतर कितीतरी कोटी वर्षांनी आपला दगड जन्माला आला. हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि माझ्या धाकट्या भावाला ठाऊक नव्हतं. मी गप्प बसले. एवढीच गोष्ट आहे.

मी परतूरच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. मुलांना परीक्षानळ्या द्यायच्या, फुटल्या की ओरडायचं, हे काम. ओरडण्यात माझा हात कुणी धरत नसे. पन्नाशीच्या आसपास वेरूळच्या रस्त्यावर दगड विकणाऱ्या एका माणसाकडे मी पहिला ट्रायलोबाइट पाहिला. मोरोक्कोहून आलेला, अंगठ्याएवढा, अंग तीन पाळ्यांचं, आणि डोळ्यांवर भिंगाखाली मोजता यावेत असे बारीक ठिपके. आमच्याकडे पावसाळ्यात वाणी किडा निघतो, हात लावला की वेटोळं करतो, तसाच हा काही दगडांत वेटोळं करून बसलेला असतो. मी त्या माणसाला म्हटलं, साफ केलेला नको, दगडात अर्धा गाडलेला असेल तो द्या. तो म्हणाला, बाई, तुमच्याच्यानं व्हायचं नाही. मला असं कुणी म्हटलं की झालंच.

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मी दुकान मांडलं. घासून टोक काढलेलं दाभण, दातांच्या डॉक्टरांनी टाकून दिलेली हत्यारं, जुने टूथब्रश, भिंग, आणि भांड्यांवर नावं घालायचं विजेचं मशीन. आहेर द्यायच्या स्टीलच्या डब्यावर ज्यानं नाव कोरतात, तेच. त्याच्या टोकानं भोवतीचा दगड कणाकणानं उडवायचा. किड्याचं कवच काळं, दगड राखाडी. राखाडी संपून काळं दिसलं की थांबायचं. हे थांबणंच मला जमत नसे. अजून जरा, अजून जरा करता करता टोक कवचात घुसायचं आणि चाळीस कोटी वर्षं टिकलेला डोळा माझ्या हातून एका सेकंदात जायचा. मग मी मशीनला शिव्या घालायची. खाली आमचे हे म्हणायचे, "आज कोण मेलं?"

बिघडलेले तुकडे आणि दगडांचा चुरा यांचं काय करायचं, हा प्रश्न होता. घंटागाडीवाला दगड घेईना. यांना खोकला, म्हणून धूळ घरात ठेवायची नाही. शेवटी मी सगळं सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरून माहेरी न्यायला लागले. वाटूरच्या पलीकडे आमचं रान आहे. बांधाकडेच्या गाडीवाटेवर पावसाळ्यात चिखल होतो, तिथे मी गोणी रिकामी करायची. मुरमासारखा उपयोग होतो, असं म्हणून स्वतःवर खूशही व्हायची. भाऊ ते रान करतो. त्याची शाळा सातवीनंतर सुटली. मी शिकले, कारण आमच्या वडिलांना दोघांपैकी एकालाच तालुक्याला ठेवता येणार होतं, आणि मी हट्ट केला. याबद्दल तो कधी बोलला नाही, मीही कधी विचारलं नाही.

गेल्याच्या गेल्या दिवाळीतली भाऊबीज. मी ओवाळलं, त्यानं खिशात हात घातला आणि ताटात नोटेऐवजी कापसात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं.

"साडी देतो तर तू नेसत न्हाईस," तो म्हणाला. "म्हणलं औंदा तुझ्या आवडीचं. गाडीवाटेच्या कडेला सापडला बघ. तुझा किडा आपल्या रानात निघला, आक्का!"

मी कापूस उलगडला. डावा डोळा नव्हता. डोळ्याच्या जागी माझ्या मशीनच्या टोकाचे ओळीनं पडलेले खड्डे होते. गणपतीच्या आधीच मी तो बिघडवून गोणीत फेकला होता.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण निरांजन पेटलेलं, भावजय दारात उभी, आणि भावाचं तोंड असं फुललेलं की तसं मी ते त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. ओवाळणीत पडलेली वस्तू बहिणीनं नाकारायची नसते, कमी म्हणायची नसते, तिची किंमत विचारायची नसते. मी त्याला म्हटलं, "फार छान आहे रे." खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. मी ताट घाईघाईनं देवापुढे नेऊन ठेवलं. भावजयीला वाटलं, आनंदानं.

"एका डोळ्यानं आंधळा हाय," भाऊ म्हणाला. "नांगराचा फाळ लागला आसंल. तुला धड शोधून देतो. एक हाय म्हणजे आजून आसणार, बराबर ना?"

बरोबर, असं मी म्हटलं. आजतागायत मला त्या शब्दाची लाज वाटते. नमुन्याला हवा म्हणून किडा त्यानं माझ्याकडून परत मागून घेतला.

पुढच्या रविवारी गेले, तर त्यानं गाडीवाटेलगतची चार गुंठ्यांची पट्टी दोरी लावून आखून ठेवलेली. सोयाबीन निघालं होतं, बाकीच्या रानात हरभरा पेरून झाला होता, ही पट्टी तेवढी मोकळी. कुदळीनं माती काढायची, वाळू चाळायच्या जाळीवर टाकायची, चाळायची, राहिलेले खडे एकेक पाहायचे. गुडघे धरलेले, तरी रोज दुपारी दोन-दोन तास बसायचा. मी दर रविवारी जाऊ लागले. तो समजला, मला उत्साह आला. मला उत्साह वगैरे काही नव्हता, मी दर वेळी सांगायचं ठरवून घरातून निघायची आणि बांधावर त्याला पाहिलं की भलतंच काही बोलायची. मग मी तिथेच बसून त्याला दगड कसे पाहायचे ते शिकवायची. कडा बघ, चमक बघ, ओला करून बघ. तो मन लावून ऐकायचा. इतकं ऐकणारा विद्यार्थी मला नोकरीत कधी मिळाला नाही.

गावात लोक त्याला हसायला लागले. "काय, सोनं निघालं का?" असं येताजाता विचारायचे. तो म्हणायचा, सोन्याच्या वरचं हाय, आमच्या आक्काला विचारा. एका रविवारी भावजयीनं मला चुलीपाशी गाठलं.

"वन्सं, तुम्हीच सांगा त्यांना. तुमचं ऐकत्यात. पट्टी पडून राह्यली, हरभऱ्याचा हंगाम चालला. रात्री गुडघे शेकून शेकून माझे हात दुखाय लागले."

"सांगते," मी म्हटलं.

त्याच दिवशी कळलं की गावच्या शाळेच्या हेडमास्तरांनी त्याला पुढच्या सोमवारी बोलावलंय, मुलांना किडा दाखवायला. मलाही बोलावलं होतं, माहिती सांगायला. आता आठच दिवस होते. भाऊ त्या शाळेत सातवीनंतर पहिल्यांदा जाणार होता, आणि जाणार होता तो माझ्या चुऱ्यातला तुकडा घेऊन. पोरांना तो चुकीचं सांगणार, ती पोरं घरी जाऊन सांगणार, आणि पुढे कुणी जाणता भेटला की माझा भाऊ खोटा ठरणार. माझ्या डोळ्याला डोळा लागेना.

आणि एवढं सगळं समजूनही मी काय केलं? माझ्या कपाटातला चांगला ट्रायलोबाइट काढला. वेटोळं केलेला, दोन्ही डोळे शाबूत. मनाची समजूत घातली की याला धड किडा मिळाला की तो खणायचं थांबेल, पट्टीत हरभरा पडेल, गुडघे सुटतील. शाळेचं मग पाहू. पुढच्या रविवारी सकाळी भाऊ चहाला घराकडे गेला, तेवढ्यात मी इकडेतिकडे पाहिलं आणि तो मातीच्या ढिगात बोटभर खोल दाबून टाकला.

दुपारी त्यानं हाक मारली. आवाजात आनंद नव्हता.

तो ढिगापाशी उकिडवा बसला होता. तळहातावर किडा. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "अरे, सापडला की! दोन्ही डोळे आहेत!"

"आक्का," तो म्हणाला, "ह्या ढिगातली माती मी शुक्रवारी चाळली. दोनदा चाळली."

महिनाभर मी त्याला दगड वाचायला शिकवत होते, आणि मला चाळलेली माती आणि न चाळलेली माती यांतला फरक दिसला नव्हता. दोन ढीग होते. मी घाईत जवळच्यात दाबला.

त्यानं खिशातून पहिला काढला, ओल्या बोटानं दोन्ही पुसले, शेजारी शेजारी धरले. मीच शिकवलं होतं तसं. दोन्हींच्या कडेला मशीनचे तेच बारीक ठिपके, आहेराच्या डब्यावरच्या नावात असतात तसे.

"दोन्ही तूच साफ केलेत?"

"हो."

"हा कवा ठेवलास?"

"तू चहाला गेलास तेव्हा."

"आन् पयला?"

मी गोणीचं सांगितलं. सगळं सांगितलं, गणपतीपासून. तो ऐकत होता, मी पहिल्यांदा दगड बघायला शिकवताना ऐकायचा तसाच. मी रडत होते. त्यानं मला उगी केलं नाही आणि रागावलाही नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं जाळी झटकली, गुंडाळली, कुदळ खांद्यावर टाकली.

"हरभऱ्याला लई उशीर झाला," तो म्हणाला. "जल्दी टोकून घ्यावा लागंल."

"उद्या शाळेत मी सांगते. माझी चूक म्हणून सांगते."

"बघू," एवढंच म्हणाला.

रात्री मी वाक्यं पाठ केली. "मुलांनो, हा दगड मी टाकला होता आणि माझ्या भावाला खरं सांगायचं धाडस मला झालं नाही." सोपी वाक्यं होती. सोमवारी शाळेत पोचलो, तर हेडमास्तरांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि मुलांना सांगितलं की या परतूरच्या संशोधक बाई आहेत, आपल्या गावची लेक आहेत. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझी पाठ केलेली वाक्यं कुठच्या कुठे गेली. शाल अंगावर असताना आपण लबाड आहोत हे माणूस कसं सांगतो, ते मला सुचेना.

तेवढ्यात भाऊ उठला. त्यानं धुतलेला सदरा घातला होता. दोन्ही किडे एका ताटलीत घेऊन तो मुलांच्या पुढ्यात गेला.

"हे माझ्या बहिणीनं साफ केलेत," तो म्हणाला. "परदेशातनं आलेत. आपला दगड येगळा. आपल्याकडं असला किडा निघत न्हाई, कवाच निघणार न्हाई. कुणी खणत बसू नका."

पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "मंग तुमच्या रानात सापडला म्हणत व्हते सगळे?"

मी खुर्चीतून उठायला हवं होतं. तिनं प्रश्न विचारला आणि भावानं उत्तर दिलं, या दोहोंच्या मधे भरपूर वेळ होता. तो माझ्याकडे पाहून थांबला होता, मी बोलेन म्हणून. मी नारळाची शेंडी धरून बसले.

"आक्कानं मला बघायला दिल्ता," तो मुलीला म्हणाला. "माझ्याच खिशातनं पडला आन् मलाच सापडला. तरी महिनाभर खणत बसलो मी येड्यासारखा. न शिकलेल्या माणसाचं आसं व्हतं. म्हणून म्हणतो, शिका."

मुलं हसली. हेडमास्तर हसले. त्यांना बरं वाटावं म्हणून भाऊही हसला. आणि सगळे हसताहेत, आपण एकटंच गंभीर कसं दिसायचं, म्हणून शाल सावरत मीसुद्धा माझ्या भावाला हसले.