जाधवमामांनी आधी पाहिलं

आई कुंडलला लोकांच्या द्राक्षबागांत विरळणीला जायची, वडील हमाली करायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सांगलीतल्या एका रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट म्हणून लागले, तेव्हा माझी मान इतकी ताठ होती की, सगळे ज्यांना ‘मामा’ म्हणत त्या दहावी शिकलेल्या तंत्रज्ञांना मी नुसतं ‘जाधव’ म्हणायची. महिन्यापूर्वी ते गेले... आता मामा म्हणतेय.

गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, पातळ काप काढून रंगवायचे, हे त्यांचं काम. रंग नीट बसलाय का, ते लहान भिंगाखाली स्वतः बघायचे. एकदा साताऱ्याच्या एका तरुण शिक्षिकेच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा आला. सगळा काप एकत्र दाखवणारं लहान भिंग सोडून मी थेट मोठं भिंग लावलं. पेशी वेड्यावाकड्या, दाटीनं आत घुसल्यासारख्या. कॅन्सर, असं लिहून टाकलं. म्हणजे आता स्तन काढणार, हे ठरल्यासारखंच.

“आवं मॅडम, एकदा लहान भिंगातनं बघा की,” मामा म्हणाले. “वाऱ्यानं ऊस लोळलाय, पर सरी मोडली न्हाई.”

“जाधव, तुम्ही कापा. बघायचं मी बघते.”

“मी एवढुसंच कापतो, मॅडम. त्या पोरीचं लय कापत्याल.”

मी तडक वरिष्ठांकडं तक्रार घेऊन गेले. मामांनी सगळ्यांसमोर माझी माफी मागितली. वरिष्ठांनी मात्र स्लाईड मागवली, लहान भिंग लावलं आणि स्लाईड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत पाहिली... ग्रंथींचे पुंजके आपापल्या जागी होते, तंतूंनी नुसते चेपलेले. वेगळा रंग देऊन पाहिलं, तर नळ्यांभोवतीचा पेशींचा बाहेरचा थर, जो आत घुसणाऱ्या कॅन्सरमध्ये उरत नाही, तो सगळीकडं शाबूत. कॅन्सर नव्हताच. साधी गाठ.

मी रिपोर्ट बदलला. “वेळेत सावरलंत, डॉक्टर,” सर्जन म्हणाले. “थँक यू, सर,” मी म्हटलं. मामा शेजारीच ट्रे पुसत होते.

ते गेल्यावर घरी भेटायला गेले, तर मामी म्हणाल्या, “तुमचं लय कौतुक करायचे. चूक दिसली की आमच्या मॅडम लगीच कागद बदलत्यात, म्हणायचे.” मी मान खाली घालून चहा पीत राहिले. तिथंही तोंड उघडलं नाही.

म्हणून इथं लिहितेय. त्या शिक्षिका आज धडधाकट आहेत, शाळेत शिकवतात. त्यांचा स्तन जाधवमामांनी वाचवला.