रोज दहा ते पाच बेरोजगार

नोकरी जायला मला एक व्हिडिओ कॉल पुरला. पण ती गेलीय हे सरकारला पटवून देताना मी काय घोळ घातला, ते विचारू नका. म्हणजे, विचारा. चहा मागवलाच आहे तर सांगून टाकते. फक्त मध्येच "अगं, पण तू असं का केलंस?" म्हणायचं नाही. ते मलाही माहीत नाही.

मी खराडीतल्या एका कंपनीत शाळेच्या मुलांसाठी ऑनलाइन धडे लिहायचे. आमचे साहेब दर सोमवारी सांगायचे की आपण सगळे एक कुटुंब आहोत. एका सोमवारी त्यांच्या लक्षात आलं की कुटुंब जरा जास्तच मोठं झालंय. मग आम्हा काही भावंडांना त्यांनी वेगळं काढलं. ताटातूट होताना हात हलवायचाही वेळ मिळाला नाही, कारण तेवढ्यात लॅपटॉपचा पासवर्ड चालेनासा झाला.

नागपूरला बाबांना फोन केला. बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. मुलगी रडतेय याकडे लक्ष न देता त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पगारातून कामगार विमा कापत होते का? कापत होते. मग झालं, नोकरी गेली तर काही महिने अर्धा पगार मिळायची सोय त्यात आहे, अर्ज कर.

"हक्काचं आहे ते पोरी. मागाले लाज कायची?" बाबा म्हणाले. आणि लगेच पुढे, भत्ता मिळाला तर पुण्यात राहून दुसरी नोकरी शोध, नाही मिळाला तर बॅग भर आणि घरी ये.

म्हणजे माझं अख्खं पुणे त्या एका अर्जावर टांगलेलं. कॉलेज, मित्रमंडळी, अभ्यासगट, शनिवारच्या सभा, सगळं.

आता खरी भानगड ऐका. मी राहते सदाशिव पेठेत, देवधर काकूंच्या घरातल्या मागच्या खोलीत. जिन्यापाशी पाटी आहे, 'खोली फक्त नोकरी करणाऱ्या मुलींसाठी.' काकू दिवसभर गॅलरीत बसून साड्यांना फॉल लावतात आणि मान वर न करता जिन्यावरून कोण कधी गेलं, कधी आलं ते सांगू शकतात. त्यांना नोकरी गेल्याचं सांगितलं तर खोली जाणार. खोली गेली तर भत्त्याची वाट तरी कुठे बसून बघणार?

म्हणून मी सांगितलंच नाही. रोज सकाळी इस्त्रीचा कुडता, पाठीवर सॅक, हातात डबा, आणि "येते हं काकू." जायचं कुठे, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी पडला. बागेत माणूस बसून बसून किती बसणार? मग विचार केला, विम्याच्या ऑफिसातच जाऊ. ऑनलाइन अर्ज भरला होताच, म्हणजे आपली फाइल तिथे आहे. फाइलच्या आसपास राहिलं की ती लवकर हलत असेल.

ऑफिस एका आडगल्लीत आहे. दारात लिंबाचं झाड, झाडाला पार, पारासमोर चहाची टपरी. आणि झाडाखाली घडीचं टेबल आणि मोठी काळी छत्री लावून बसलेले अण्णा. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं की बेरोजगारीच्या अर्जाची खिडकी कोणती. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खिडकी सांगायचे पैसे मागितले!

माझं डोकंच फिरलं. लोकांची नोकरी गेलीय, आणि हा माणूस खिडकी दाखवायचे पैसे घेतो? परतताना बसमध्येच मी सरकारच्या पोर्टलवर तक्रार ठोकली. आमच्या पिढीला उभ्याने प्रवास करतानाही देश सुधारता येतो. अण्णांचं आडनाव माहीत नव्हतं, म्हणून नुसतं वर्णन लिहिलं. पण काय वर्णन लिहिलं! झाड, टेबल, छत्री, काही सोडलं नाही; एकदाच पाहिलेलंही 'रोज' म्हणून ठोकून दिलं. 'सबमिट' दाबलं आणि विसरून गेले.

माझ्या अर्जाचं म्हणाल, तर तो मोरे मॅडमच्या टेबलावर होता. मॅडम कमी बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, कंपनीकडून तुमच्या शेवटच्या दिवसाचं उत्तर आलं की फाइल पुढे पाठवते. मी रोज विचारायचे, त्या रोज मान हलवायच्या. मग संध्याकाळपर्यंत करायचं काय?

एकदा वाघोलीकडच्या पॅकिंग कारखान्यातून काढलेल्या एक मावशी माझ्या शेजारी येऊन टेकल्या. हातातला कागद उलटा-सुलटा करत म्हणाल्या, "ताई, हितं काय लिव्हायचं असतंय?"

बस्स. आमच्या घरात देवघराच्या जागी पुस्तकांचं कपाट, आणि दर रविवारी विहारात बाबा सतरंजीवर बसून वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायचे. मी शेजारी बसून फोटो चिकटवायचे. कुणी अर्ज घेऊन समोर आलं की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. मी मावशींचा अर्ज भरला. मग त्यांच्या मैत्रिणीचा. दुसऱ्या दिवशी मावशी आणखी चौघींना घेऊन आल्या आणि लांबूनच ओरडल्या, "ह्याच त्या ताई."

पारावर माझी शाखाच उघडली म्हणा ना! पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. पण लोक ऐकतात थोडेच? कुणी भाकरी-ठेचा आणला, कुणी पेरू. टपरीवाला माझ्याकडून चहाचे पैसे घेईना, कारण माझ्या गर्दीवर त्याचा धंदा दुप्पट झाला होता. अण्णा सुरुवातीला नुसते बघायचे. मग एकदा जाता जाता म्हणाले, "चालू द्या मॅडम. फुकटची दुकानं जास्त दिवस चालत नाहीत."

आणि एके सकाळी अण्णा दिसेनात. टपरीवाल्याने सांगितलं की गावी लग्नाला गेलेत, टेबल-छत्री त्याच्या टपरीत ठेवून. असं म्हणत त्याने ते टेबल उघडलं, फडक्याने पुसलं, छत्री लावली आणि म्हणाला, "बसा ताई. मोकळंच आहे."

मी बसले. का बसले? ऊन होतं म्हणून, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं कारण तुम्हाला सांगते. मला वाटलं, हा विजय आहे. जनतेने टेबल ताब्यात घेतलंय!

दोन-तीन दिवसांनी दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेले एक गृहस्थ रांग सोडून थेट टेबलापाशी आले आणि अर्ज भरून मिळेल का म्हणून विचारू लागले. मी मानही वर केली नाही. "रांगेत या. आधी आधारची झेरॉक्स आणा. आणि पेन स्वतःचं आणा, इथलं पेन परत येत नाही."

गृहस्थ निमूट रांगेत गेले. नंबर आल्यावर बसले, आणि पैसे किती द्यायचे ते विचारलं. मी म्हटलं, मी पैसे घेत नाही. मग त्यांनी खिशातून ओळखपत्र काढलं. वरच्या कार्यालयातून आले होते, तपासणीला. दलालाची तक्रार आली होती.

मला आनंदच झाला हो! मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, बरं झालं साहेब आलात, पण तो गावी गेलाय.

साहेबांनी टेबलाकडे पाहिलं. छत्रीकडे पाहिलं. माझ्या हातातल्या, लोकांचे अर्ज ठेवलेल्या निळ्या फाइलकडे पाहिलं. मग माझ्या रांगेकडे पाहिलं. काहीतरी चुकतंय हे मावशींना कळलं आणि माझा बचाव करायला त्या पुढे झाल्या. त्यांनी साहेबांना ठासून सांगितलं की ताई एक पैसा घेत नाहीत, सकाळी दहाला येतात आणि ऑफिस बंद झाल्याशिवाय जागेवरून हलत नाहीत. रांगेतून आणखी कुणीतरी म्हणालं, ताई आहेत म्हणून हे ऑफिस चालू आहे. टपरीवाल्यालाही राहवलं नाही. त्याने सांगितलं की ताईंचा चहा आपल्याकडून असतो, कायमचा.

प्रत्येक वाक्यागणिक साहेबांच्या भुवया वर. शेवटी ते म्हणाले, आत चला.

आत मोरे मॅडमच्या टेबलासमोर मला उभं केलं आणि साहेबांनी मोबाइलवर तक्रार उघडून वाचायला घेतली. "सदर व्यक्ती रोज ऑफिसच्या वेळेत झाडाखाली टेबल मांडून बसते. डोक्यावर काळी छत्री असते. भोवती नेहमी गर्दी असते. कुणी काय लिहायचं, कुठे सही करायची, हे तीच सांगते. बोलणं उद्धट आहे." इथे ते थांबले. "हे शेवटचं मी मघाशी स्वतः अनुभवलं."

"साहेब, ही तक्रार मीच केलीय," मी म्हटलं.

"स्वतःविरुद्ध?"

"नाही हो, अण्णांविरुद्ध."

"अण्णा कुठे आहेत?"

"गावी."

"आणि त्यांच्या टेबलावर कोण बसतं?"

मी भाषण सुरू केलं. समाजाचं ऋण, नागरिकांचे हक्क, माहितीचा अधिकार, सगळं काढलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रविवारीही बसता?"

"नाही, रविवारी ऑफिस बंद असतं ना."

"म्हणजे साप्ताहिक सुट्टीही आहे," ते मॅडमना म्हणाले.

एक सांगते, माणूस सरळ होता. बाहेर जाऊन चार लोकांशी बोलून आला आणि मी दलाल नाही, हे त्याला पटलं. टेबल उचलायला लावलं, तपासणीचा अहवाल लिहून मॅडमकडे दिला आणि निघून गेला. मी सुटकेचा श्वास घेतला. तेवढ्यात मोरे मॅडमनी माझी फाइल उघडली.

कंपनीचं उत्तर आदल्या दिवशीच आलं होतं. फाइल पुढे पाठवायची तेवढी बाकी होती. पण मॅडमनी माझं प्रतिज्ञापत्र बाहेर काढलं, त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि मला वाचायला लावलं. 'मी सध्या कोणताही कामधंदा करीत नाही.'

"आता मला सांगा," मॅडम म्हणाल्या, "तपासणीच्या अहवालात लिहिलंय की ही बाई रोज दहा ते पाच इथे काम करते. मी हिला बेरोजगार म्हणून कशी पुढे पाठवू? तुम्ही आमच्या स्टाफपेक्षा वेळेवर येता."

बघितलंत? काम न केल्याचा भत्ता मागायला गेले आणि काम करताना पकडले गेले. मी गयावया केली. मॅडम तशा वाईट नव्हत्या. त्यांनी मार्ग सांगितला. तुम्ही राहता तिथल्या कुणाकडून तरी लेखी आणा की तुम्हाला कुठलंही काम नाही. घरमालक असतील तर उत्तम.

घरमालक असतील तर उत्तम!

त्या संध्याकाळी मी जिना किती हळू चढले असेन, तुम्ही कल्पना करा. लेखी मागितलं तर खोली जाणार, न मागितलं तर भत्ता जाणार. काकू गॅलरीत जांभळ्या साडीला फॉल लावत होत्या. मी समोरच्या स्टुलावर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. व्हिडिओ कॉल, डबा, झाड, छत्री, प्रतिज्ञापत्र. काकूंची सुई थांबली नाही.

"संपलं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नोकरी गेल्याचं मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

"कसं?"

"नोकरी होती तेव्हा तू संध्याकाळी तोंड पाडून यायचीस. हल्ली गुणगुणत जिना चढतेस. पेरूसुद्धा आणतेस. पगारी माणूस असा घरी येत नाही."

मी हळूच पाटीचं विचारलं. काकूंनी दाताने दोरा तोडला. "भाडं वेळेवर देईल ती नोकरदार. मग कंपनी देवो नाहीतर सरकार. कागद आण आतून."

मला भरून आलं. नागपूरची बॅग डोळ्यांसमोरून गेली. काकूंनी चष्मा बदलून दोन-तीन ओळी लिहिल्या, सही केली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. भावना अनावर झाल्यामुळे मी तो कागद वाचला नाही. वाचायला हवा होता.

सकाळी मॅडमनी तो माझ्यासमोर, शेजारच्या दोन्ही टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचला.

"'कु. प्रज्ञा माझ्या घरी भाड्याने राहते. ती सध्या कोणताही कामधंदा करत नाही, याची मी खात्री देते. यापूर्वी करत होती, असे ती म्हणते.'"

मोरे मॅडमना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. शेजारचे दोघेही हसले. मॅडमनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, एवढं पुरे आहे, आणखी पुरावा नको. फाइल गेली. पुढे रीतसर भत्ता आला, मी पुण्यात राहिले, बाबांनी बॅगेचा विषय काढला नाही.

पण त्या दिवसाचं राहिलंच. मी हलकी होऊन बाहेर आले. अण्णा गावाहून परतले होते. टेबल नव्हतं, म्हणून पारावरच बसले होते. माझ्याकडे पाहून त्यांनी छत्री जरा जवळ ओढून घेतली. मी मान खाली घालून निघाले, तर फाटकात एक मावशी आडव्या आल्या. नवीनच होत्या, मला ओळखत नव्हत्या. कागद पुढे करून म्हणाल्या, "ताई, एवढं भरून देता का?"

हात पेनाकडे निघाला होता. मी तो खिशात कोंबला. मागे मॅडमची खिडकी उघडी होती.

"मला नाही येत हो मावशी," मी म्हटलं. "मला काहीच येत नाही."

मावशींनी माझा इस्त्रीचा कुडता पाहिला, पाठीवरची सॅक पाहिली. त्यांना माझी फार दया आली असावी. माझ्या दंडावर थोपटत त्या म्हणाल्या, "असू द्या. शिकाल हळूहळू."