वामनरावांनी खुडलेल्या मिरच्या

काल शेजारच्या सुनेनं भिवापुरी मिरच्या उन्हात टाकल्या. ठसका लागला अन् मले पस्तीस वर्षांमागची ती दुपार आठवली.

आमच्या अंगणात मी, माझी बायको सुमन अन् शेजारचे वामनराव मिरच्यांचे देठ खुडत बसलो होतो. दोन्ही घरं दरसाल मिळून तिखट करत. वामनराव म्हणजे गरीब गाय. तापट म्हणून गल्लीत नाव होतं ते माझं. त्या दिवशीही मी सुमनवर ओरडून राहिलो होतो. ते हसून म्हणाले, "काहून तापता गा भाऊ? आमची माहेरी गेली, तिच्या वाटच्या मिरच्या मीच खुडून राहिलो ना!"

तेवढ्यात त्यांचा साळा काटोलहून बहिणीले भेटाले आला. सरळ त्यांच्या घरात गेला अन् किंचाळत बाहेर येऊन दारातच कोसळला. आत बहीण मरून पडली होती.

पोलीस आले. गल्लीत भांडकुदळ कोण, असं त्यांनी विचारलं, तर लोकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. शिपायानं माझी कॉलर धरली.

"त्याले सोडा साहेब," वामनराव बसल्या जागेवरून म्हणाले. "सकाळी मीच मारलं तिले." अन् हातातल्या मिरचीचा देठ खुडला.

सुमन मले म्हणाली, "तुम्ही ओरडत जा बापा. गुपचूप नका बसू कधी."

मागच्या दिवाळीत सुमन गेली. आता ओरडू कोणावर? लोक म्हणतात, बुढा लय शांत झाला. चांगल्या मनानं म्हणतात, पण मी दचकतो.