बाराशे पन्नास

परबकाकांना कुणी “कसे आहात?” असं विचारलं की ते “बरं आहे” म्हणत नसत. डोळे बारीक करून, क्षणभर आतल्या आत काहीतरी मोजून ते आकडा सांगत. “आज अकराशे नव्वद. गुडघ्यानं धरलंय.” किंवा बाजारात ताजे मासे मिळालेल्या एखाद्या रविवारी, “बाराशे चाळीस! दोन बांगडे जास्त चढवले.” नेरूळच्या आमच्या सोसायटीत मी नवीन राहायला आलो तेव्हा या गृहस्थांचं डोकं ठिकाणावर नाही, असं माझं प्रामाणिक मत झालं होतं.

पुढे उलगडा झाला. तुर्भ्याच्या एका कारखान्यात काकांनी पंचवीस वर्षं बॅटरी रूम सांभाळली होती. माल उचलणारे फोर्कलिफ्ट तिथे बॅटरीवर चालत. रोज सकाळी बॅटरीच्या एकेका घरात, म्हणजे सेलमध्ये, काचेची नळी बुडवायची, आतलं पाणी वर ओढायचं आणि नळीतला फ्लोट कुठल्या आकड्यावर तरंगतो ते वहीत लिहायचं. बाराशे पन्नास म्हणजे घर विजेनं भरलेलं, अकराशे पन्नास म्हणजे रिकामं. आयुष्यभर हेच केल्यावर माणसंही त्याच नळीतून दिसू लागली तर त्यात नवल काय? माझं लग्नाळू मेव्हण्याशी भांडण झालं त्या संध्याकाळी जिन्यात मला बघून ते म्हणाले होते, “तुम्ही आज अकराशे साठ. कुणाशी बोलू नका, आधी झोपा.”

आकड्याच्या बाबतीत माणूस भलताच कडक. एकदा कंटेनर दारात उभा असताना मॅनेजरनं सांगितलं, परब, वहीत बाराशे लिहा आणि फोर्कलिफ्ट सोडा. काकांनी नळी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, “तुम्हीच बघा आणि तुम्हीच लिहा. मी दिसतो तो आकडा लिहितो, हवा तो नाही.” त्या वर्षी त्यांची बढती हुकली. हा किस्सा ते सांगत तेव्हा तक्रारीचा सूर कधी नसे, उलट दिवाळीचा बोनस मिळाल्यासारखा चेहरा असे.

निवृत्तीच्या वेळी मालकांनी विचारलं, काय देऊ? लोक घड्याळ घेतात. काकांनी गोडाऊनमागे ताडपत्रीखाली पडलेली गाडी मागितली. मालकांच्या वडिलांची हौस होती ती. दोन सीटची, बिनछपराची, लांब नाकाची विलायती स्पोर्ट्स कार. मूळचा लाल रंग, पण आमच्या आवारात टेम्पोतून उतरली तेव्हा गंजून ती भाजलेल्या वांग्यासारखी दिसत होती. परबकाकू तळमजल्याच्या खिडकीतून बघत होत्या. “ह्या खयचा मढा हाडलात?” एवढंच त्या म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

काकूंना दमा होता. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेली बाई, लग्न होऊन इथे आली आणि हळूहळू चार भिंतींत अडकली. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रक, बसचा धूर, रिक्षाचा धूर, कशानंही छाती भरून यायची. खाडी आमच्या घरापासून दोन-अडीच किलोमीटर. पण काकूंना ती गच्चीवरून दिसे तेवढीच. काकांना ती गाडी नकोच होती. त्यांना काकूंना पाण्याच्या कडेला नेऊन बसवायचं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं, कारण रविवारी बोनेटखाली टॉर्च धरायला दुसरा कुणी रिकामटेकडा सोसायटीत नव्हता.

सात-आठ महिने खपून त्यांनी इंजिन एकदाचं चालू केलं. असा काळा धूर निघाला की तळमजला दिसेनासा झाला. सगळे टाळ्या वाजवत होते आणि आत काकू गुदमरत होत्या. दोन दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर होत्या. घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला माझ्यासमोर सांगितलं, “माका जन्मात त्या गाडीत बसूचा नाय. आता सांगतंय, परत इचारू नका.”

त्या दिवशीचा आकडा काकांनी सांगितला नाही. मला त्यांची फार कीव आली. ज्या माणसासाठी खटाटोप करावा, त्याच्याच जिवावर तो उठावा, याला काय म्हणायचं? पुढच्या रविवारी त्यांनी इंजिन सोडवून बाहेर काढलं आणि भंगारवाल्याला देऊन टाकलं. मग रबाळ्याच्या एका भंगारवाल्याकडून मोडीत निघालेल्या फोर्कलिफ्टची मोटर आणली. म्हणाले, “मूर्खपणा माझाच. पंचवीस वर्षं बिनधुराच्या गाड्या चालवल्या आणि घरच्या बाईसाठी धुराची करत बसलो.”

विजेवर चालणारी मोटारगाडी हा शब्दसुद्धा तेव्हा आमच्या कुणाच्या तोंडी नव्हता. कागदपत्रांचा विषय काढला की काका बहिरे होत. काम चालू होतं शिरवण्याच्या धर्माशेठच्या शेडमध्ये. भाताची जमीन शहरात गेल्यावर धर्माशेठनं भाड्यानं द्यायला शेड बांधली होती, त्यातली एक त्यानं काकांना नुसत्या उत्सुकतेपोटी वापरू दिली. मोटर गिअरबॉक्सला जोडायला एक जाड पट्टी लागली, ती चार वेळा चुकली. नाकात चार आणि सीटमागे चार अशा सहा व्होल्टच्या आठ जुन्या बॅटऱ्या बसवल्या. एकीत तीन, म्हणजे चोवीस घरं. पहिल्या चाचणीला धर्माशेठ गाडीला कोपर टेकून उभा होता. “अरं परब, चालू कर ना गारी! कवरा येल उबा ऱ्हाऊ?”

“चालूच आहे,” काका म्हणाले.

“चालू हाय? मना काय आयकू येत नाय!”

काकांनी पायाचा दाब वाढवला आणि गाडी धर्माशेठच्या कोपराखालून निघून गेली. तो पडता पडता वाचला, आणि मग गाडीमागे धावत शिव्या आणि कौतुक एकाच दमात करू लागला.

नव्यानं लाल रंगवलेली गाडी आवारात आली, पण काकू काही बसेनात. धूर नाही, वास नाही, आवाज नाही, सगळं कबूल. पण शब्द म्हणजे शब्द. काकाही हट्टी, शब्दाप्रमाणे परत विचारीनात. दर रविवारी ते घरं उघडत, आकडे घेत, पाणी भरत. खिडकीतून काकू बघत असायच्या. मी एकदा कॅनमधलं पाणी कमी पडलं म्हणून नळाचं आणू का विचारलं, तर केवढे भडकले! “नळाचं नाही, विहिरीचं नाही! बॅटरीला शुद्ध पाणीच लागतं. अशुद्ध पाणी म्हणजे तिला विष.” हे खिडकीतूनही ऐकू गेलं असणार.

दसरा उजाडला. आवारात स्कूटरींना झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. मी खाली उतरलो तर काकांच्या गाडीचं बोनेट उघडं आणि शेजारी नवं लुगडं नेसून काकू, हातात पूजेची पळी. बाजूला तांब्याचा छोटा गडू, तोंडावरची झाळ तोडलेला, रिकामा.

“आज पाणी मीच घातलं,” त्या मला म्हणाल्या. चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. “चोवीस घरांत एकेक पळी. माझ्या आईनं काशीहून आणलेलं गंगाजळ. शुद्धच लागतं ना? याच्याहून शुद्ध काय असणार?”

काका माझ्या मागेच आले होते. त्यांनी गडूकडे पाहिलं, उघड्या घरांकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनी माझ्या पायावर पाय दिला, चांगला करकचून. मग काकूंना म्हणाले, “पाणी तू घातलंस, तर पहिली सीट पण तुझीच. बस गो.”

आणि काकू बसल्या. हळद-कुंकू लावलेली ती लाल गाडी आवाज न करता फाटकाबाहेर पडली. तासाभरानं दोघं परतली तेव्हा काकूंचे केस विस्कटलेले होते, श्वास शांत होता. “खाडीक आमच्या दर्यासारखोच वास येता,” त्या म्हणाल्या आणि माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडल्या.

संध्याकाळी काकांनी मला गाडीमागे नेलं. “तांब्याच्या गडूत वर्षानुवर्षं राहिलेलं पाणी. तांबं आत गेलं की बॅटरी बसल्या जागी झिजते. त्यात या जुन्याच.”

“मग धुऊन काढा ना!”

“तिच्या डोळ्यांदेखत तिच्या आईचं गंगाजळ गटारात ओतू?”

“पण काका, आकडे उतरतील ना! तुम्हीच म्हणता, दिसतो तोच आकडा—”

“तो नियम कारखान्यातला,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून काकू रविवारी खुर्ची टाकून वही लिहायला बसू लागल्या. काका नळी बुडवत आणि ओरडत, “एक नंबर, बाराशे पन्नास!” टॉर्च माझ्या हातात होता. फ्लोट कधी बाराशे दहावर, पुढे पुढे अकराशे सत्तरवर. “दोन नंबर, बाराशे पन्नास!” बढतीवर पाणी सोडणारा माणूस चोवीस वेळा खोटं बोलत होता आणि मी मान डोलावत होतो. गाडी आधी खाडीच्या बांधापर्यंत जाई. मग अलीकडच्या वळणापर्यंत, मग बाजारापर्यंत. दर खेपेला काकांकडे कारण तयार असे: आज ऊन आहे, आज चाकात हवा कमी आहे. दीड वर्षानं ती फाटकापर्यंत जाऊन थांबली. नव्या बॅटऱ्या आणायचं त्यांच्या मनात होतं, पण त्याआधी ते स्वतःच आजारी पडले.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा काकू उशाशी होत्या. सवयीनं विचारलं, “कसे आहात?” काकांनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ओठ हलवत म्हणाले, “बाराशे पन्नास.” दुसऱ्या दिवशी ते गेले. शेवटी तोंडात घालायला घरात गंगाजळ नव्हतं. साधंच पाणी घातलं.

महिन्याभरानं काकूंनी ती वही माझ्यापुढे ठेवली. पानांमागून पानं, चोवीस-चोवीस ओळी, सगळीकडे एकच आकडा. मी मान खाली घातली.

“लाजू नका,” त्या म्हणाल्या. “बॅटरी रूमवाल्याची बायको आहे मी. चोवीस घरं कधी सारखी येतात का? पहिल्याच रविवारी कळलं मला.”

“मग बोलला का नाहीत?”

“ते इतक्या प्रेमानं सांगत होते. मी लिहीत गेले.”

त्यांनी शेवटचं पान उघडलं. त्यावर नंबर नव्हता, घर नव्हतं. दवाखान्यातली तारीख होती आणि तिच्यापुढे काकूंच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: बाराशे पन्नास.